रेघेबाहेरचे ठिपके

पातळ वांगी रंगाचं होतं. आईने ते दारातूनच पाहिलं. अंगणात बांधलेल्या दोरीवर ते चौपदरी वाळत घातलं होतं आणि काठाचं पिवळं रेशीम सकाळच्या उन्हात चमकत होतं. तिच्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हातात माझं मनगट. काटोलहून अंधारातच पहिल्या एस.टी.ने आम्ही निघालो होतो.

"मामाजी," ती म्हणाली, "हे काय आहे?"

आबा, तिचे सासरे, ओट्यावर बसून विडा लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शामलाचं साक्षगंधाचं पातळ हाय. कसं दिसते?"

"वांगी आहे."

"हाव, वांगी हाय. वांग्याले वांगी नाही म्हणू तं काय म्हणू?"

"आपलं काय ठरलं होतं?"

"आधी पाणी पी बाई. बसमधून आली. पाय बरं, पोट्टीचं तोंड कसं उतरलं."

आईने ट्रंक खाली ठेवली, पण ती ओट्यावर चढली नाही.

ठरलं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी, बाहत्तर सालच्या हिवाळ्यात, मी मेडिकलच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा आईने सासरच्या माणसांकडे एकच गोष्ट मागितली. या घरात यापुढे वांगी, जांभळा आणि लाल रंग उकळायचा नाही. आमच्या नागपुरातल्या टिमकीच्या गल्लीत दर दोन घरांआड रंगाचा हंडा होता, आणि कोष्ट्यांच्या पोरांच्या अंगावर रंगाचे डाग असायचेच. त्यांच्याकडे कोणी बघत नसे. म्हणूनच पहिल्या वेळी माझ्या पायांवर मोहरीएवढे जांभळे ठिपके उमटले तेव्हा आजी म्हणाली, हंड्याजवळ खेळली असेल. शामला आत्याने साबण लावला. नाही गेले तर म्हणाली, पक्का रंग आहे, जाईल हळूहळू. मग एका सकाळी माझ्या नाकातून रक्त सुरू झालं आणि ते दुपार झाली तरी थांबेना.

रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. साध्या सर्दी-तापानंतर होतं असं कधीकधी, डॉक्टरीण म्हणाल्या. गोळ्यांनी माझा चेहरा भाकरीसारखा फुगला आणि मी बरी झाले. पण जाताना त्यांनी आईला सांगितलं होतं, पुन्हा एखादा मोठा ताप आला तर लक्ष ठेवा, हे परत येऊ शकतं. आई तेव्हापासून रोज सकाळी नाहणीत माझे पाय बघत असे. आधी पोटऱ्या, मग गुडघ्याच्या मागे, मग जिभेखाली. ते वाचता यावं म्हणून तिला घरात तो रंग नको होता.

आबांनी ऐकलं होतं. ही साधी गोष्ट नव्हती. चंपतराव कोष्ट्याचा वांगी म्हणजे पवनी-उमरेडपर्यंत नाव होतं. इतवारीतला व्यापारी त्यांच्या पातळाची घडी गिऱ्हाइकासमोर पाण्यात बुडवून दाखवायचा. नात जगली, हे त्यांना पुरलं होतं, आणि दोन वर्षं आमच्या हातमागावर पिवळी, हिरवी आणि पांढरी लुगडी निघाली.

यंदा चैत्रात मला गोवर निघाला. तो उतरल्यावर हवापालट म्हणून आई मला काटोलला तिच्या माहेरी घेऊन गेली. त्या दिवसांत हे पातळ विणलं गेलं होतं.

"तुमाले माहीत होतं?" आईने विचारलं. बाबा घंगाळात पाणी ओतत होते.

बाबांनी घंगाळ नीट भरलं. मग तांब्या पालथा घातला.

"पोराच्या बापानं, रुपरावजीनं, स्वतः निरोप धाडला होता," ते म्हणाले. "पोरगी बापाच्या हातच्या वांग्यात बसू द्या म्हणे. त्याइचंही घर मागाचंच. नाही कसं म्हणता?"

"मले सांगता आलं असतं."

"तू आली नसती."

हे खरं होतं. आमच्यात मुलगी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बापाच्या मागावरचं पातळ नेसून बसते आणि मुलाकडची माणसं कुंकू लावायच्या आधी पदर हातात घेऊन पाहतात. सूत पाहतात, काठ पाहतात, रंग पाहतात. मुलीला कोणी विशेष काही विचारत नाही. जे विचारायचं ते त्या कापडाला विचारतात.

या सगळ्या बोलण्यात मी कुठे आहे हे कोणी पाहिलं नाही. मी परसात होते. तिथे रंगाचा हंडा अजून तसाच पडला होता, तळाला गढूळ जांभळं पाणी होतं, आणि मी त्यात काडी बुडवून दगडावर चिमण्या काढत होते.

*

आईने मला नाहणीत उभं केलं आणि फ्रॉक वर केला.

"आत्याबाई," तिने सासूला हाक मारली. आवाज मोठा नव्हता, पण आजी हातातलं पुरणाचं पातेलं खाली ठेवून आली. मागून शामला आत्या आली.

माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर ठिपके होते. काही मोठे, काही अगदी बारीक.

"रंग हाय," आजी म्हणाली. "हंड्यापाशी होती न आता. मी पायलं."

"मागच्या वेळेसही तुमी हेच म्हणालत्या."

आजीचा चेहरा एकदम लहान झाला. आईला ते बोलायचं नव्हतं. ती खाली बसली, साबण घेतला आणि चोळू लागली. फेस जांभळा झाला. पाणी ओतलं. काही ठिपके फिके झाले, काही जसेच्या तसे.

"काल पायले होते काय?" आत्याने विचारलं.

"काल पायले ना. काल काही नव्हतं. आजच नाही पायले, अंधारात निघालो."

"मंग रंगच."

"एका रात्रीत येतात ते, शामला. तू पायलं आहे."

आई उठली. "मी मेडिकलले जाते."

"आज?" आजी म्हणाली. "प्रेमिला, आज? दुपारी पाहुणे येतात. घरची सून घरात नाही, नात दवाखान्यात. काय सांगू मी त्याइले?"

"जे आहे ते सांगा."

"जे आहे ते मागं सांगितलं होतं बाई. भंडाऱ्याच्या स्थळाले. काय झालं?"

भंडाऱ्याच्या स्थळाला कोणी काही सांगितलं नव्हतं. कोणीतरी परस्पर त्यांच्या कानावर घातलं होतं की चंपतरावांच्या घरी रक्ताचा आजार आहे. त्यांनी निरोप पाठवला की मुलाला आताच लग्न करायचं नाही. दोन महिन्यांत त्याचं लग्न झालं. शामला आत्या त्या वर्षी चोवीस पूर्ण करत होती. तिने त्या दिवशी दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या.

"हा आजार घराण्यात चालत नाही," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाईनं लिहून दिलं आहे."

"लिहिलेलं कोण वाचते? लोक आयकते." आजीने आईचा दंड धरला. "मी काय पोट्टीची वैरी आहो? माही नात हाय ते. मी इतकंच म्हणतो, चार वाजेपर्यंत थांब. त्याइचं कुंकू लागू दे. मंग मी सोता तुह्यासंग येतो."

आजी 'मी म्हणतो, मी येतो' असंच बोलायची, तिच्या गावाकडच्या बायकांसारखं.

बाबा नाहणीच्या दाराशी उभे होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी आजीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. वीज मंडळात तारांच्या खांबांवर चढणारा हा माणूस घरात कायम दोन माणसांच्या मध्ये उभा असे आणि कुठल्याही बाजूला फार हलत नसे.

त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून आईसमोर धरलं.

आईला लगेच कळलं. मेडिकलमध्ये नर्सने हेच शिकवलं होतं. प्रत्येक ठिपक्याभोवती रेघ ओढायची. नंतर रेघेबाहेर काही दिसलं तर ते नवीन.

"हंडा मी आत्ता धुऊन पालथा घालतो," बाबा म्हणाले. "पोरगी रंगाजवळ जाणार नाही. बाहेर एक जरी दिसला तर मी कोणाले न विचारता रिक्षा आणतो. माय, तूबी मध्ये बोलायचं नाही."

आजीने आईचा दंड सोडला. तिच्यासाठी ते हो होतं.

आई नाहणीच्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसली आणि माझ्या पायांवर निळी वर्तुळं काढू लागली. मला गुदगुल्या होत होत्या. मी हसले की ती थांबायची आणि मग पुन्हा सुरू करायची.

*

मुलाकडची माणसं जीपमधून आली. उमरेडचे रुपराव, त्यांच्या पत्नी सिंधूताई, मुलगा दिवाकर आणि चार नातेवाईक. वैशाखातली दुपार. बैठकीत एकच पंखा होता आणि तो रुपरावांच्या डोक्यावर येईल अशी त्यांची जागा ठरवली होती.

"काय गा चंपतराव, नागपूरची गरमी वाढून राहिली की मी म्हातारा होऊन राहिलो?"

"दोन्ही," आबा म्हणाले. सगळे हसले.

आत स्वयंपाकघरात आई पुरणपोळ्या लाटत होती. ती उठू शकत नव्हती. पातळ नेसून तयार झालेल्या शामला आत्याचा हात धरून ती हळू आवाजात म्हणाली, "पोरीले तुह्याजवळ बसव. कोणाले समजू देऊ नको. पण पाहत राहा."

"वहिनी, मी तं मान खाली घालून बसणार आहो."

"मंग बरंच आहे. तिचे पाय खालीच आहेत."

आत्या हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकच हसणं मला आठवतं.

आजीने मला घोट्यापर्यंत येणारा परकर घातला होता. त्या उकाड्यात तो मला टोचत होता. आत्या पाटावर बसली तशी मी तिच्या मांडीवर जाऊन बसले. एका नातेवाईक बाईंनी विचारलं, "हे कोणाची वं?" आजी म्हणाली, "माही नात. आत्याले सोडत नाही." मी परकर गुडघ्यापर्यंत ओढून घेतला. आत्याने तो खाली केला. मी पुन्हा वर घेतला.

रुपरावांनी पदर मागितला. आत्याने खांद्यावरून पुढे घेतला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवला, सुताचा पोत अंगठ्याने चाचपला, काठ उलटा करून पाहिला.

"असा वांगी आता कोणी करत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं काहून बंद ठेवला होता गा?"

"तब्येत ठीक नव्हती," आबा म्हणाले.

कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

सिंधूताई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आल्या. आत्याने रीतीप्रमाणे मान खाली घातली. तिच्या नजरेसमोर माझ्या उघड्या पोटऱ्या होत्या. निळी वर्तुळं होती, वर्तुळांत ठिपके होते. आणि उजव्या पायावर, वर्तुळांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जांभळट असे आणखी कितीतरी होते. सकाळी तिथे काही नव्हतं. वर्तुळं काढली जाताना तिने शेजारी उभं राहून पाहिलं होतं.

आत्या मला एकदा म्हणाली होती, त्या वेळी तिने फार विचार केला नाही. करंडा समोर होता, बोट कुंकवात बुडालेलं होतं. एक टिकली लागेपर्यंत थांबली असती तर काही बिघडलं नसतं, हे तिला कळत होतं. पण पहिल्या वेळी साबण तिनेच लावला होता.

तिने कपाळ मागे घेतलं.

"वहिनी!" ती ओरडली. "रेघेबाहेर आले!"

*

आई पिठाच्या हातांनीच आली. तिने माझ्यासमोर बसून पाय धरले. बाबा चपला घालून दारापर्यंत पोचलेसुद्धा होते.

"काय झालं बाई?" सिंधूताईंचं बोट अजून तसंच वर होतं. "पोरीले काय झालं?"

"काही नाही," आजी म्हणाली. "काही नाही हो, खेळताना..."

"मागं हिले रक्ताचा आजार झाला होता," शामला आत्या म्हणाली. ती पाटावरून उठली होती. "पेशी कमी होतात. अंगावर असे ठिपके येतात. गोवर होऊन गेला आहे, म्हणून परत यायची भीती आहे. तुमाले सांगितलं नव्हतं."

"शामला!"

"माय, आता राहू दे न."

एक नातेवाईक दुसऱ्याकडे पाहू लागला. सिंधूताईंनी बोटाचं कुंकू करंड्याच्या काठाला पुसलं.

"घराण्यात आहे काय हे?" त्यांनी सरळ विचारलं.

"नाही," आई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "डॉक्टर म्हणते नाही. तुमी मानता की नाही, ते तुमच्याकडे. मले आत्ता जायचं आहे."

या सगळ्यात आबा एकटे बसल्या जागी होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी बाबांना सांगितलं, आणि बाबांनी मला.

रंग पक्का करायला शेवटची दोन धुणी लागतात, रिठ्याच्या पाण्यात, उकळीची. सूत निवळ पाणी सोडेपर्यंत धुवायचं. आबांनी आयुष्यात ती कधी चुकवली नव्हती. या वेळी आईचं काटोलहून येणं अलीकडे सरकलं, आणि सून यायच्या आत उकळणं उरकून पातळ विणून व्हायला हवं होतं. त्यांनी एकच धुणं दिलं. सूत मागावर चढवलं. कोणाला कळणार नव्हतं. पदर कोरडा पाहायचा असतो, ओला नव्हे.

पण त्या खोलीत वैशाखाचा घाम होता, आणि पोरगी अर्धा तास त्या पातळावर उघड्या पायांनी बसलेली होती.

ते उठले. शामला आत्यापाशी आले आणि पदर हातात घेतला. आपलं पांढरं उपरणं त्यांनी पाण्याच्या लोट्यात बुडवलं, पिळलं आणि पदरावर जोराने घासू लागले. रुपराव बघत होते. साठ वर्षांच्या हयातीत आबांनी रंग टिकावा म्हणून काय काय केलं होतं. सूर्य डोक्यावर आला की हंड्याला हात लावायचा नाही, रंगाच्या दिवशी उपास, विहिरीचंच पाणी. बाबांना ते म्हणाले होते, "मधुकर, त्या वखती मी देवाले म्हणलं, बुडव मले. उतरू दे."

त्यांनी उपरणं उचललं. त्यावर हाताएवढा जांभळा पट्टा उमटला होता.

"उतरला!" आबा म्हणाले. "प्रेमिला, पाय न इकडं, उतरला! कच्चा हाय! रंग कच्चा हाय माहा!"

आबा ते उपरणं सगळ्यांना दाखवत होते. रुपरावांना, सिंधूताईंना, त्या चार नातेवाइकांना. मागवाल्यांच्या घरात माणूस असं सांगत नसतो. आजीने पदर तोंडाला लावला.

आईने उपरणं त्यांच्या हातातून घेतलं, त्याची कोरडी बाजू ओली केली आणि माझी पोटरी पुसली. नवे ठिपके पसरले आणि पुसले गेले. एक गेला, दुसरा गेला. आजीने सुटकेचा श्वास टाकला. आई पुसतच राहिली. उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला, वर्तुळाबाहेर, अगदी बारीक असे तीन-चार होते. ते गेले नाहीत. तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. तरी तसेच.

"हे नाही जात," ती म्हणाली.

आबांनी खाली वाकून पाहिलं. ते बराच वेळ वाकलेले राहिले.

"जा," ते म्हणाले. "थांबू नको."

"रिक्षा कशाले?" रुपराव उठून उभे राहिले. "जीप उभी हाय दारात. दिवाकर, चावी घे. ह्याइले मेडिकलले घेऊन जा."

"अहो, पण..." सिंधूताई म्हणाल्या.

"पणबिण मंग पाहू. लेकरू हाय." मग जरा थांबून, "तोवर आमी जेवून घेतो. पोळ्या झाल्या न बाई?"

"झाल्या," आई जीपमध्ये चढता चढता म्हणाली. "कढईतलं तूप उतरवा तेवढं, आत्याबाई."

*

मेडिकलमध्ये त्याच डॉक्टरीण भेटल्या नाहीत, दुसऱ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय, नकाशा काढलाय का?" आईने सगळं सांगितलं. गोवर, बस, हंडा, पातळ, उपरणं. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. बोटातून रक्त घेतलं. दिवाकर बाहेरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याने मला खारे शेंगदाणे आणून दिले आणि विचारलं, "तुही आत्या नेहमी इतक्या जोरात ओरडते काय?"

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

"बरं," तो म्हणाला.

निकाल आला तेव्हा ऊन उतरलं होतं. पेशी कमी होत्या, पण मागच्याइतक्या नाही. गोवरानंतर अशा घटतात, बहुतेक आपोआप भरून येतात. दर आठवड्याला आणत जा, पडू देऊ नका, अॅस्पिरिन देऊ नका. भरती करायची गरज नाही.

"म्हणजे परत आला?" आईने विचारलं.

"येऊन दाराशी उभा आहे असं समजा. कदाचित आत यायचा नाही."

"आणि ठिपके?"

डॉक्टरीण पुन्हा वाकल्या. "बरेचसे रंगाचेच आहेत," त्या म्हणाल्या. "थोडे हिचे आहेत. वेळेवर आणलीत."

घरी आलो तेव्हा पाहुणे ओट्यावर पान खात बसले होते. बाबांनी काय झालं ते सांगितलं. सिंधूताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, घरी विचार करून कळवू. ते ऐकून आजी आत गेली. पण आठवड्याने पत्र नाही, माणूसच आला. दिवाकर आला होता, एकटा. त्याने निरोप दिला की तिथीची चर्चा करायला आबांनी उमरेडला यावं. आणि त्याच्या आईने सांगितलंय, तो म्हणाला, की ते पातळ तेवढं नीट धुऊन पाठवा.

आबांनी ते पातळ उकळीच्या पाण्यात दोनदा धुतलं. लग्नात आत्या तेच नेसली. पण त्यानंतर त्यांनी रंगाला हात लावला नाही. वांगीच काय, पिवळाही नाही. सूत रंगाऱ्याकडून येऊ लागलं. इतवारीतल्या व्यापाऱ्याने खूप विनवण्या केल्या. आबा त्याला म्हणायचे, तब्येत ठीक नाही.

त्या पावसाळ्यात माझ्या पेशी भरून आल्या. पुढे टायफॉइड झाला तेव्हाही तो आजार परतला नाही, दहावीच्या वर्षी कावीळ झाली तेव्हाही नाही. आईने बघणं मात्र सोडलं नाही. मी साडी नेसू लागल्यावर नाहणीतलं बघणं बंद झालं. मग मी शेजारी बसले की बोलता बोलता तिची बोटं माझ्या निऱ्यांची कड घोट्यावरून थोडी वर सारायची. ती बघायची, कड पुन्हा खाली करायची आणि तोडलेलं वाक्य पुढे चालू ठेवायची. माझं लग्न झालं, मला मुलगा झाला, तरीही. मला राग यायचा. नंतर येईनासा झाला.

शेवटच्या आजारात ती आमच्या प्रताप नगरच्या घरी होती. नावं विसरली होती. शामला आत्या भेटायला आली, तिला तिने ओळखलं नाही, मला तर ती कधी नर्स समजायची, कधी तिची काटोलची बहीण. पण मी खाटेवर बसले की तिचा हात घोट्याकडे यायचा. निऱ्या वर व्हायच्या. ती नीट बघायची आणि म्हणायची, "काही नाही."

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. रात्री सगळे पांगल्यावर मी पाय धुवायला नाहणीत गेले. दिवसभरात कधीतरी खाटेचा कोपरा लागला असावा. पोटरीवर रुपयाएवढा जांभळा डाग होता. मी तो साबणाने चोळून पाहिला. मग खुंटीवरच्या बाबांच्या शर्टाचा खिसा चाचपला, बॉलपेन काढलं आणि त्याच्याभोवती रेघ ओढली.

सकाळी पाहिलं. रेघेबाहेर काही नव्हतं.